खालचा ठोका

बॉनेट उघडलं तर आत कोंबडी बसलेली. अंड्यांवर. तिनं पिसं फुगवली आणि आमच्याकडं असं बघितलं, जणू गाडी तिच्या बापाची आहे आणि आम्ही चोर आहोत.

"घ्या तात्या," आमचे धनी म्हणाले, "तुमच्या गाडीला डायवर तर मिळाला. आता नुसती चाकं बसवायची."

काशिलिंग तात्या हसले नाहीत. बॉनेटची कड हातात धरून ते घराकडं बघत राहिले. दारात त्यांची बायको तानूबाई सूप घेऊन उभी होती. ती पुढं आली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली,

"अंड्यावरची हाय ती. उठवायची न्हाई."

"अगं, इंजान बघायचं हाय."

"पिल्लं निघंस्तवर न्हाई म्हंजे न्हाई. पोटाखाली जीव घिऊन बसल्यालीला उठवू ने."

एवढं बोलून ती आत गेली. तात्यांनी बॉनेट हळूच खाली सोडलं, आत कुणी निजलं असावं तसं.

म्हणून त्या गाडीचं काम आम्ही उलटं केलं. इंजिन राहिलं बाजूला आणि मागून पत्र्याला हात घातला.

आम्ही दोघं नवराबायको घिसाडी, फिरते लोहार. सुगी सरली की जतकडच्या माळावर उतरायचो. गाढवावर भाता, ऐरण आणि घण लादलेला असायचा. गावाबाहेर चिंचेखाली पाल ठोकायचं आणि विळे, खुरपी, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा असं जे येईल ते घडवायचं. मोटारीला आम्ही कधी हात लावला नव्हता. तात्या पालावर आले तेव्हा धनी एका कुऱ्हाडीला पाणी देत होते.

"लखू, पत्र्याचं काम करशील काय?" तात्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"कसला पत्रा? छपराचा?"

"गाडीचा. माझ्या अँबॅसिडरचा."

"तात्या, मी लोहार. मोटारीला गॅरेजवाला लागतो."

"जाऊन आलो त्याच्याकडं. त्यानं लांबूनच हात जोडलं. म्हणाला, भंगारात घाला, न्हाईतर आत कोंबड्या पाळा."

"मग मी काय निराळं करणार?"

"तू लोखंडाला न्हाई म्हणत न्हाईस, म्हणून आलो." मग खाली बसून, आवाज उतरवून ते म्हणाले, "उज्वला बाळंतपणाला यायची हाय. पहिलटकरीण. शिमग्याच्या आसपास. तवर गाडी दारात चालू होऊन उभी पायजे, लखू."

धन्यांनी माझ्याकडं बघितलं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती, कारण ती गोष्ट त्या माळावर सगळ्यांना ठाऊक होती.

तात्यांना दोन मुली. थोरली सुगंधा अशीच पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तात्यांची वस्ती गावापासून लांब, एकाकी, आजूबाजूला नुसता माळ. तेव्हा त्यांची काळी डिझेल गाडी भाड्यानं फिरायची. मिरजेच्या दवाखान्यात पेशंट ने, लग्नाची माणसं ने, कुणी गेलं तर माती घरी आणून पोचव. अख्ख्या माळाची ती गाडी होती. आणि सुगंधाला कळा लागल्या त्या दिवशी नेमकी ती चालू झाली नाही. बैलगाडी जुंपून निघाले. जवळची वाट म्हणून बोरओढ्यात उतरले. तिथं वाळूत चाक रुतलं आणि सुगंधा तिथंच गेली, पोटातल्या जिवासकट. त्यानंतर तात्यांनी गाडी ढकलत नेऊन बाभळीखाली लावली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. बैलगाडीही कुणी जुंपली नाही. ती गोठ्यामागं एका चाकावर कलंडून पडली होती. तात्या दुसऱ्यांच्या गाड्या चालवून पोट भरायचे.

गावातल्या बायका आडावर बोलायच्या, "तानूबाईचा राग हाय नवऱ्यावर. का नसंल? दारात मोटार, आन् लेक बैलगाडीत मेली."

मलाही ते पटायचं. काम होईस्तवर आम्ही पाल वस्तीवरच्या लिंबाखाली हलवलं होतं. तानूबाई आम्हाला तिथं भाकरी आणून द्यायची, शेंगदाण्याची चटणी न मागता वाढायची, पण गाडीकडं बघायची नाही. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन जाताना बाभळीला लांबचा वळसा घालायची. गाडीची सावलीही पायाखाली येऊ द्यायची नाही.

गाडीची दशा काय सांगू. डिकीत बाभळीचं रोप उगवून झाकणातून बाहेर आलं होतं. दाराचा खालचा पत्रा बोटानं दाबला की पापडासारखा मोडायचा.

"तात्या, हिच्यात पत्र्यापेक्षा भोकंच जास्त हायत," धनी म्हणाले.

"मग भोकं तेवढी काढून टाक," तात्या म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांनी केलेली थट्टा ही एकच.

नवा पत्रा आणायचा नाही असं ठरलंच होतं, कारण तो आणायला शहर गाठावं लागलं असतं आणि तेवढी ऐपतही नव्हती. रस्त्याचं काम झालं होतं तिथं डांबराची रिकामी पिंपं पडली होती, ती आम्ही गाढवावर घालून आणली. आत पाचट पेटवून डांबर जाळलं, छिन्नीनं पिंपं उभी फाडली आणि ऐरणीवर ठोकून सपाट केली. त्या पत्र्यांतून दारं भरून निघाली, डिकीचा तळ झाला. एका मेलेल्या ट्रॅक्टरचा दिवा उजव्या डोळ्याच्या जागी बसला. दारांना रबर म्हणून ट्रॅक्टरची ट्यूब चिरून लावली. मागच्या सीटमध्ये मी स्वतः काथ्या भरला आणि वर पोत्यांची शिवण घातली. डाव्या आणि उजव्या बाजूचा रंग सोडाच, आकारसुद्धा एक नव्हता.

वेल्डिंगचा प्रश्नच नव्हता. वस्तीवर वीज होती ती नावाला. आम्ही पत्र्याला पत्रा खिळ्यांनी जोडला. धनी गाडीखाली उताणे झोपायचे आणि मी वर. ते खालून खिळा सारायचे, त्याचं डोकं लोखंडी ठोकळ्यानं दाबून धरायचे आणि हातोडीनं एक बारीक ठोका द्यायचे. तो ठोका म्हणजे, धरलंय, मार. मग मी वरून मारून खिळ्याचं टोक पसरायची. ठोका आला नाही तर हात वरच थांबवायचा. खालून कुणी धरलेलं नसेल तर वरून कितीही मारा, खिळा बसत नाही, नुसता निसटून मातीत पडतो. ऐरणीवरही आमच्यात असंच चालतं. बापय लहान हातोडीनं जागा दाखवतो आणि बाई घण घालते. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं तोंडानं कमी आणि लोखंडातून जास्त बोललो. ते गेल्यावर पुष्कळ दिवस मला घरात उगाच तो ठोका ऐकू यायचा आणि माझा हात उचलला जायचा.

उज्वला आली ती पोट सावरत, पण तोंडानं वाऱ्यासारखी. गाडीभोवती एक चक्कर मारून तिनं कमरेवर हात ठेवले.

"मिस्त्री, हिच्यात बसून दवाखान्यात गेले तर डॉक्टर आधी गाडीला सलाईन लावतील."

"लावू द्या की," धनी खालून म्हणाले. "तवर तुम्ही रांगेत बसा."

"आन् केशरबाई, सीट कुणी भरली? टोचती."

"बाळंत व्हायला जायचंय तुम्हाला, झोपायला न्हाई," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. मग तिनं घराकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "आई अजून हिकडं येत न्हाई ना? ताई गेली तवा मी शाळेत हुते. घरी आले तर ही गाडी बाभळीखाली आन् आई भिंतीकडं तोंड करून. तवापासनं असंच."

पिल्लं निघाली. तानूबाईनं पाटी आणली, बॉनेटपाशी येऊन कोंबडी आणि पिल्लं एकेक करून पाटीत घेतली. गाडीला तिचा हात लागला असेल तो एवढाच. मग तात्यांनी इंजिन उघडलं.

इंजिनाचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. आत डिझेल सोडून तसंच मुरू दिलं. मग हँडल घालून दर थोड्या वेळानं जोर लावत राहिले. एका दुपारी ते तसूभर हललं, मग अर्धा फेर, मग पुरा. पाईप धुतले, हवा काढली, शेजारच्या वस्तीवरच्या ट्रॅक्टरची टाकून दिलेली बॅटरी आणली. धनी जवळ बसून हे सगळं बघत होते. जेवताना ते मला म्हणाले,

"केशर, ह्या इंजिनाला काही झालंच नव्हतं."

"म्हणजे?"

"उभं राहून जाम झालं होतं, एवढंच. एक भाग बदलला नाही त्यांनी. तुटलेलं नाही, जळलेलं नाही. बंद पडलेली गाडी अशी नसते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तात्यांना विचारलंही, "तात्या, त्या दिवशी नेमकं काय बिघडलं हुतं?"

तात्या चिंधीला हात पुसत होते. "चालू झाली न्हाई."

"पण पंप तर—"

"चालू झाली न्हाई म्हणलं न्हवं?"

तो आवाज वरचा नव्हता, पण धन्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्याच सांजेला गाडी चालू झाली. धक्का मारता मारता आधी खोकली, मग काळा धूर ओकली, मग सगळ्या खिळ्यांसकट थरथरत उभी राहिली. उज्वला टाळ्या वाजवायला लागली. गाढवं दावं तोडून पळाली. तात्यांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. मी घराकडं बघितलं तर तानूबाईनं आतून दार लावून घेतलं होतं.

पण काम अजून संपलं नव्हतं. मागच्या सीटपुढचा, पाय ठेवायचा तळ पुरा खाल्ला गेला होता. तिथून खालची माती दिसायची. खाली आडव्या पट्ट्या टाकायला लोखंड मिळालं. तात्यांनीच गोठ्यामागच्या बैलगाडीच्या चाकाची धाव काढून दिली. पण वरचा पत्रा? पिंपं संपली होती, रस्त्याचं काम कुठल्या कुठं पुढं गेलं होतं. तेलाचा डबा फाडून लावला तर तो हातातच चिरला. आणि उज्वलाचं पोट खाली उतरलं होतं. मी बघूनच ओळखलं.

"फळी टाकू," धनी म्हणाले.

"फळी खड्ड्यात उडंल," तात्या म्हणाले. "तिचा पाय गेला तर?"

आम्ही तिघं त्या भोकाभोवती बसलो होतो. तेवढ्यात मागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. तानूबाई पेटी ओढत आणत होती. लग्नात मुलीला देतात तसली पत्र्याची मोठी पेटी. हिरवा रंग, झाकणावर लाल फुलं, वेल. अंगणातून येताना तिची मातीत रेघ उमटली होती.

तिनं पेटी आमच्यापुढं सोडली. "घ्या. हिचा पत्रा चांगला हाय."

तात्या उठून उभे राहिले. "तानू, ही सुगंधाची पेटी."

"मला म्हाईत न्हाई व्हय? तिच्या सासरच्यांनी परत धाडली तवापासनं मीच पुसती." तिनं झाकण उघडलं. आतल्या साड्या तिनं आधीच काढून ठेवल्या होत्या. तळाला एक डांबरगोळी तेवढी घरंगळली. "झाकण तळाला बसंल. मापून बघा."

धन्यांनी हातोडी खाली ठेवली. मग मीच धीर केला.

"वैनी, राग येऊ देऊ नका. बाळंतपणात गेलेलीची पेटी, पोटुशीच्या पायाखाली घालायची? लोक काय काय बोलतील. बाधा म्हणतील."

तिनं माझ्याकडं बघितलं. तसं तिनं मला आधी कधी बघितलं नव्हतं.

"लोकाचं आन् बाधंचं लई ऐकलं मी, केशर. माझी सुगंधा तिच्या बहिणीच्या आडवी येईल व्हय? ती खालनं धरंल तिला. तू मार तुझं खिळं."

झाकण मापाला बसलं, जणू त्याच भोकासाठी केलेलं. रंगीत बाजू खाली घ्यावी, रंगानं गंज थांबतो, असं मी म्हटलं. धनी म्हणाले, "फुलं वर राहू दे. चिखलात कशाला घालायची?" फुलांच्या मधोमध पिवळ्या रंगाची आणखी एक नक्षी होती. वरून आडवी रेघ, खाली लटकलेली गोल वळणं. आम्हाला ती वेलच वाटली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, धन्यांना नव्हतं, तानूबाईलाही नव्हतं. पुढं म्हातारपणी नातीच्या पाटीवर बोट फिरवायला शिकले, तेव्हा ती नक्षी डोळ्यांपुढं येऊन उभी राहिली आणि मी ती वाचली. तात्यांना मात्र वाचता येत होतं. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी गाडीखाली तेच झोपले. धन्यांना म्हणाले, "आज ठोकळा मी धरतो." आणि मी प्रत्येक खिळ्याला त्यांच्या ठोक्याची वाट बघत राहिले. ते ठोके फार वेळानं यायचे.

शिमग्याच्या आदल्या दिवशी, दुपारची भाकरी पोटात गेली असेल नसेल, उज्वला चुलीपाशी वाकली ती सरळ झालीच नाही. तात्या पळतच गाडीत बसले. इंजिन तापवायचा हीटर दाबून धरला, चावी फिरवली, बॅटरी नुसती कण्हली. धनी आणि मी मागून रेटलं. उतारावर गाडीनं एक उसळी मारली आणि धूर सोडला. मी पळत जाऊन आत शिरले. धनी धुळीत उभे राहिलेले मागच्या काचेतून दिसले.

मागं मधे उज्वला, एका बाजूला मी, दुसरीकडं तानूबाई. ती गाडीत बसली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते. उज्वलानं खाली बघितलं, तळावर अंथरलेलं पोतं सरकलं होतं, आणि तिनं झटकन दोन्ही पाय वर घेतले. तेवढं मोठं पोट, कळ आलेली, आणि गुडघे छातीशी.

"पाय खाली सोड पोरी," मी म्हटलं.

"न्हाई."

"अगं, कळ सोसायची न्हाई तुला अशी."

"ताईचं नाव हाय खाली," ती दातओठ खात म्हणाली. "सुगंधा. मी कशी पाय ठिवू?"

पुढं तात्यांची मान ताठ झाली. तानूबाईनं डोळे उघडले. नाव आहे हे तिलाही आत्ताच कळत होतं. ती वाकून त्या पिवळ्या रेघांकडं बघत राहिली.

गाडी बोरओढ्यावरच्या फरशीच्या पुलावर आली. डाव्या हाताला खाली वाळू दिसत होती, बैलगाडीची वाट दिसत होती. तात्यांनी वेग कमी केला नाही. भर्रदिशी फरशी मागं पडली.

"टेक पाय," तानूबाई म्हणाली.

"आई, ताईचं नाव—"

"म्हणूनच टेक. तिनं धरलंय खालनं. जोर लाव."

तिनं स्वतः वाकून उज्वलाचे पाय एकेक करून खाली ठेवले, त्या नावावर. पुढची कळ आली तेव्हा उज्वलानं टाचा रोवल्या. सगळा तळ करकरला, पण एक खिळा हलला नाही.

दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत गेली तेव्हा ऊन अजून उतरलंही नव्हतं. नर्सनी उज्वलाला आत नेलं. तात्या गाडीला टेकून उभे राहिले आणि आलेल्या रस्त्याकडं बघू लागले. मी जवळून जात होते. ते मला म्हणाले की स्वतःला, कुणास ठाऊक.

"एवढंच?" ते म्हणाले. "एवढंच लांब हुतं?"

सांज व्हायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी बाहेर येऊन बघते तर तानूबाई आवारात कडुलिंबाच्या पारावर बसलेली.

"वैनी, नात झाली! पेढा नको, गुळाचा खडा तरी ठिवा हातावर."

ती हसली नाही, रडली नाही. पारावर हात आपटून म्हणाली, "बस, केशर." मी बसले.

"गाडी बिघडली नव्हती," ती म्हणाली.

मी तिच्याकडं वळले.

"त्या दिवशी ह्यांनी मिरजेहनं एका म्हाताऱ्याचं मढं आणलं हुतं. पल्याडच्या गावचं. त्येला उतरवून घरी आलं. गाडी धुतली नव्हती अजून. तेवढ्यात सुगंधाला कळा आल्या. ह्यांनी गाडीचं दार उघडलं. मी आडवी झाले, केशर. हात पसरून आडवी झाले. म्हणलं, मढं निजवल्याल्या जागेवर माझी भरल्या पोटाची लेक निजणार न्हाई. आधी धुवा, गोमूत्र शिंपा. हे घागर घिऊन आडावर पळालं. त्यांनी पाणी वतलं तर मला ते बी पुरं वाटंना. म्हणलं, वास येतोय अजून. बैलं जुंपा, जवळच्या वाटंनं जाऊ."

तिनं तोंडावरून पदर फिरवला.

"ती म्हणत हुती, आई, बसती मी, मला काय हुत न्हाई. मीच बसू दिलं न्हाई."

"आन् तात्या?"

"वाळूतनं तिला उचलून घरी आणलं. माणसं जमली. कुणीतरी इचारलं, अहो, गाडी हुती की दारात. मी तोंड उघडायच्या आधी हे म्हणालं, चालू झाली न्हाई. तेवढं एकच वाक्य. मग माझ्या आईला तेच, सुगंधाच्या सासरच्यांना तेच. लोक थुकले ह्यांच्या तोंडावर, थुकू दिलं. मला एका शब्दानं बोललं न्हाईत. एका शब्दानं बोललं असतं तरी बरं झालं असतं."

आमच्यामागं पावलं वाजली. तात्या चहाचे ग्लास घेऊन उभे होते. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी ग्लास पारावर ठेवले, तानूबाईपुढं एक सरकवला.

"सांगितलंस व्हय?"

"सांगितलं."

"कशाला? गाडीवर घातलं हुतं, तिच्यावरच राहिलं असतं. लोखंडाला बोल लागत न्हाई."

"लोखंडाला न्हाई लागला," तानूबाई म्हणाली. "मला लागला. बाभळीखालनं रोज."

चहा निवला. कुणी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्वलाचा नवरा आणि सासू आले. तेव्हा बाळंतिणीचं तूप, डिंक आणि धडुती आणायला आम्ही परत निघालो. तात्यांनी मागचं दार उघडलं. तानूबाई आत गेली, पण सीटवर बसली नाही. खाली, तळावर बसली, मांडी घालून, पोतं बाजूला सारून. मी वर बसू की खाली, मला कळेना. शेवटी कोपऱ्यात अंग चोरून बसले.

ती पिवळ्या नक्षीवरून बोट फिरवत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. बोरओढ्याच्या फरशीवर तात्यांनी आज गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. खाली वाळूत दोन टिटव्या फिरत होत्या.

तानूबाईनं बोटाच्या पेरानं पत्र्यावर एक ठोका दिला. अगदी हलका. मग मान वाकवून, कान खाली नेऊन ऐकत राहिली. मग आणखी एक.

तो ठोका मला ओळखीचा होता. खालून उत्तर आलं नाही तर वरच्यानं हात थांबवायचा असतो, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. पण मी ते तिला सांगितलं नाही. तात्यांनी आरशात एकदा बघितलं आणि गाडी हळू पुढं काढली. वस्तीवरची बाभळ दिसेपर्यंत मागून तो ठोका येत राहिला.